नानांनी ठेवलेला काळा दगड

माझे सासरे १९७१ च्या लढाईत होते. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, जिला फौजेत जंगी पलटण म्हणतात. तेव्हा ते वीस वर्षांचे होते, आता पंच्याहत्तरीला टेकलेत. घरात आणि गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. हे लिहायला त्यांनी मला परवानगी दिली ती एकाच अटीवर. "मनं नाव टाकू नको. पलटणनं टाक." माझं नाव नको, पलटणीचं टाक.

आमचं गाव पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या काठापासून जवळ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दर १६ डिसेंबरला विजय दिवस म्हणून नाना आमच्या शाळेत येतात आणि मुलांना आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरची गोष्ट सांगतात. जमालपूरला पाकिस्तानची बलुच पलटण ठाण मांडून बसली होती. आपले ब्रिगेडिअर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्यासाठी त्यांच्या कर्नलला चिठ्ठी पाठवली. उलट टपाली चिठ्ठी आली आणि त्या चिठ्ठीत गुंडाळलेली एक बंदुकीची गोळी. इथे नाना थांबतात, खिशातून कागदात गुंडाळलेला खडू काढून मुलांना दाखवतात, आणि मुलं ओरडतात. मग १० डिसेंबरच्या रात्री ती पलटण शहरातून बाहेर पडायला निघाली आणि दक्षिणेच्या रस्त्यावर आमच्या मशीनगनींसमोर आली. सकाळी उरलेल्यांनी हात वर केले. पुढे टांगाईल, पुढे ढाका, १६ तारखेला पाकिस्तानी सेनापती नियाझींची शरणागतीवर सही, ९३ हजार कैदी, बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय. पंचवीस मिनिटं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ही गोष्ट ऐकते आहे आणि तिच्यातला शब्द कधी इकडचा तिकडे झालेला नाही. नानांना कुठे ठसका लागला तर पुढचं वाक्य मी सांगू शकले असते.

इतकी वर्षं आम्ही समजत होतो की नानांची लढाई म्हणजे ही गोष्ट. घरात रोज दिसणाऱ्या बाकीच्या गोष्टींचा लढाईशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. नाना पहाटे चारला उठून ओट्यावर बसतात, पाठ भिंतीला टेकवून, तोंड रस्त्याकडे. उजाडेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. फौजी शिस्त, असं आम्ही म्हणायचो. ओट्याच्या कोपऱ्यात एक रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. तो ते स्वतः भरतात, दुसऱ्या कुणाला भरू देत नाहीत, तांब्याही स्वतः घासतात. धार्मिक माणूस, असं आम्ही म्हणायचो. आणि डिसेंबर-जानेवारीत, खान्देशात जेव्हा शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात, तेव्हा नाना शेतात येत नाहीत. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ करून त्यात हिरवी वांगी भाजायची, साल काळी पडून फुटली की काढायची, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरच्या-लसणासोबत ठेचायची. अख्खं गाव त्या धुरात बसलेलं असतं आणि नाना घरी. "त्यांना वांगं बाधतं," असं सासूबाई पाहुण्यांना सांगत. घरात केलेली वांग्याची भाजी मात्र ते दोनदा मागून घेत. मीच ती वाढत होते, आणि मलाही ते कधी खटकलं नाही.

सासूबाई २०२१ साली गेल्या. त्यानंतर काही महिन्यांनी रात्री सुरू झाल्या. नाना झोपेत ओरडत. उठून अंधारात उभे राहत, घामाने बनियन भिजलेली. लग्नाच्या वरातीत सुतळी बॉम्ब वाजला की हातातली भाकर खाली पडायची. एकदा नातवाने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला तर नानांनी त्याचा हात असा पिरगाळला की पोर आठ दिवस गळ्यात हात बांधून फिरलं. नाना त्यानंतर दोन दिवस जेवले नाहीत. एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वयाचं कारण सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, पण झोपेत जे यायचं ते यायचंच, फक्त आता त्यातून जागं होणं अवघड झालं.

पुढे मला कळलं की हे आधीही होतं. पन्नास वर्षं सासूबाई रात्री उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवत होत्या आणि सकाळी कुणाला काही सांगत नव्हत्या. मोठ्या नणंदबाईंना ठाऊक होतं. त्यांनाही आईने गप्प राहायला सांगितलं होतं.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०२३ मध्ये, शाळेतला कार्यक्रम झाल्यावर, मला वाटलं की नानांनी मन मोकळं केलं तर बरं वाटेल. शिवाय त्यांच्या आठवणी जपून ठेवायला हव्यात, हाही विचार होता. मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं, चहा दिला आणि प्रश्न विचारायला बसले. गोळीची गोष्ट पुन्हा आली, तशीच्या तशी. मी म्हटलं, "नाना, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या रात्री तुम्ही स्वतः काय पाहिलं ते सांगा ना. तुमच्या हातून माणूस मेला का?" नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "तो फोन बंद कर," म्हणाले आणि उठून गेले. त्या रात्री दोन वाजता ते खाटेवर नव्हते. शोधलं तर खळ्यात, कडब्याच्या गंजीमागे, थंडीत उकिडवे बसलेले. मी हाक मारली तर तोंडावर बोट ठेवून मलाच खाली बस म्हणून खुणावलं. मी बसले. पाऊण तास आम्ही दोघं गंजीमागे बसून होतो. त्यांच्या लेखी समोर काय होतं ते मला दिसत नव्हतं, पण ते तिथे होतं.

मन मोकळं करा, बोलून टाका, असं आपण किती सहज म्हणतो. बंद खोलीचं दार कुणीही येऊन लाथ मारून उघडावं असं नसतं. हे मला त्या रात्री कळलं आणि त्याची किंमत नानांनी मोजली.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी धुळ्याच्या एका मानसतज्ज्ञ ताईंचं नाव सुचवलं. नाना यायला तयार होतील असं वाटत नव्हतं. माझे मिस्टर म्हणाले, "ते काय वेडे आहेत का?" पण नातवाच्या हाताची गोष्ट नानांना लागली होती. ते इतकंच म्हणाले, "पोरले हात लागाले नको पुन्हा." आणि जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पारोळ्याहून धुळ्याची एसटी धरली.

पहिल्या दिवशी ताईंनी लढाईचं काहीच विचारलं नाही. झोप कशी आहे, कोणत्या महिन्यात जास्त त्रास होतो, कुठल्या वासाने, कुठल्या आवाजाने, एवढंच. मग नानांना बाहेर चहाला पाठवून, त्यांची परवानगी घेऊनच, माझ्याशी बोलल्या. म्हातारी माणसं मागचं का आठवतात, यावर रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ साली एक लेख लिहिला. तोवर म्हाताऱ्यांचं जुनं उगाळणं म्हणजे डोकं उतरणीला लागल्याची खूण, असं डॉक्टरही मानत. बटलर म्हणाला की हे आयुष्याचा हिशेब तपासणं आहे, आणि ते स्वाभाविक आहे. ज्याच्या वहीत एखादी नोंद उघडून पाहण्यासारखी नाही, त्याला मात्र हा हिशेब जाळतो. नोकरी असेतो, पोरं वाढवेतो, शेत कसेतो माणूस त्या पानावर हात ठेवून बसतो. निवृत्ती, जोडीदाराचं जाणं, शरीराचं थकणं, यांनी तो हात निघतो. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीची लढाई म्हातारपणी घरात येते. अशा आजाराला वैद्यकाच्या पुस्तकात स्वतंत्र नाव मिळालं तेच १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. नाना तेव्हा नऊ वर्षं ते घेऊन फिरत होते.

आठवणं सगळं एकसारखं नसतं, हेही त्यांनी सांगितलं. पुढच्या पिढीला शहाणपण द्यायला आठवतात ते वेगळं. आपल्या आयुष्याचे तुकडे जुळवायला आठवतात ते वेगळं. आजच्यापेक्षा कालचंच बरं म्हणून तिकडे पळून जायला आठवतात तेही एक. आणि एक असं की माणूस आठवत नाही, आठवणच त्याला धरते, त्याच जागी, त्याच दोषावर, फिरफिरून. हे ऐकताना मला आमच्या धुळ्याच्या ओळखीतल्या एक सिंधी आजी आठवल्या. फाळणीनंतर सिंधमधून येऊन धुळ्या-जळगावात वसलेली बरीच कुटुंबं आहेत, त्यांतल्या त्या एक. त्या नेहमी तिकडच्या अंगणाबद्दल बोलत, झोपाळ्याबद्दल, आईच्या हातच्या पापडांबद्दल. अंगणातून निघून इथे पोचेपर्यंतच्या प्रवासाबद्दल मी त्यांच्या तोंडून एक अक्षर ऐकलं नाही. त्यांची गोष्ट उंबऱ्यापाशी थांबायची आणि एकदम महाराष्ट्रात सुरू व्हायची. मी तेव्हा कधी विचार केला नव्हता की मधला रस्ता गेला कुठे.

दुसऱ्या खेपेला ताईंनी घरून एक दोरी आणायला सांगितली होती. नानांनी गोठ्यातला जुना कासरा नेला. बैल विकून बारा वर्षं झाली, कासरा मात्र तेल लावून ठेवलेला. ताईंनी तो जमिनीवर पसरायला सांगितला. एक टोक जन्माचं. दुसऱ्या टोकाला गुंडाळी तशीच ठेवायची, कारण आयुष्य अजून बाकी आहे. मग एका परडीत झेंडूची फुलं आणि दुसऱ्या परडीत लहान-मोठे दगड. चांगलं घडलं तिथे फूल, वाईट घडलं तिथे दगड. कशाबद्दलही आज सविस्तर बोलायचं नाही, फक्त नाव घ्यायचं आणि पुढे जायचं. या पद्धतीचा उगम जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या लोकांकडे आहे. आफ्रिकेतल्या छावण्यांत, युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांबरोबर तिची पारख झाली. रोमानियात साम्यवादी राजवटीने तुरुंगात डांबलेल्या लोकांबरोबर, त्या घटनेला चार दशकं उलटून गेल्यावर, ती वापरली गेली आणि त्यांनाही उतार पडला. हे ऐकल्यावर मला धीर आला. नानांना नाही. ते दोरीकडे पाहत होते.

त्या दिवशी मला आत बसायची परवानगी होती. नाना गुडघे मोडून खाली बसले आणि फुलं ठेवू लागले. शाळा. आजीच्या हातचे खापरावरचे मांडे. बेळगावला भरती, तिथे दोन फुलं. मग १९७१. तिथे नानांनी एक मोठा दगड ठेवला, "जमालपूर" म्हणाले. त्याला लागूनच ढाक्याचं फूल. मला वाटलं झालं. पण नानांनी परडीत हात घालून बोटाच्या पेराएवढा काळा दगड शोधला आणि मोठा दगड आणि फूल यांच्यामध्ये, अगदी फटीत, बसवला. नाव घेतलं नाही. ताईंनी विचारलंही नाही. "पुढे?" एवढंच म्हणाल्या. मग वीतभर पुढे, १९७३ च्या उन्हाळ्याला, नानांनी परडीतला सगळ्यात मोठा दगड ठेवला. जमालपूरच्या दगडाहून मोठा. मी चकित झाले. १९७३ ला तर लढाई नव्हती. "दुष्काळ," नाना म्हणाले. लग्न, मुलं, निवृत्ती, बँकेतली रखवालदारी, नातू, ही सगळी फुलं भराभर झाली. सासूबाईंच्या जाण्याला त्यांनी दगडाशेजारी फूलही ठेवलं.

त्यापुढच्या खेपांना मी बाहेर बाकावर. दर आठवड्याला एक, दीड-दोन तास, मध्ये हरभरा काढणीला दोन आठवडे खाडा. आत काय चालायचं ते नाना बसमध्ये तुकड्यातुकड्यानं सांगत. सुरुवात पार बालपणापासून, वर्षाच्या क्रमाने. दगड आला की ताई वेग कमी करत. पायाखाली काय होतं? ओलं की कोरडं? वास कसला येत होता? छातीत काय झालं? आणि मध्येच, आत्ता पायाखाली काय आहे? ही फरशी कुठली? आज वार कोणता? ताईंनी त्यांना समजावलं होतं की अशा वेळची आठवण दोन ठिकाणी जाऊन बसते. वास, आवाज, धडधड ही तापलेली बाजू. गाव, तारीख, आधी काय नंतर काय ही थंड बाजू. तापलेल्या बाजूला पत्ता राहत नाही. पत्ता नसलेलं पत्र कुठल्याही दारात येऊन पडतं, म्हणून पऱ्हाट्यांच्या धुरात जमालपूर येतं. काम एवढंच की त्या पत्रावर पत्ता लिहायचा. ११ डिसेंबर १९७१. जमालपूरच्या दक्षिणेला. सकाळ.

पहाटे चारच्या बसण्याचा उलगडाही असाच एका परतीच्या प्रवासात झाला. मोर्चावर उजाडायच्या आधी सगळ्यांनी हत्यार घेऊन सज्ज राहायचं असतं, कारण हल्ला बहुतेक तेव्हाच येतो. फौजेत त्याला स्टँड-टू म्हणतात. नाना १९८८ ला निवृत्त झाले. स्टँड-टू उठवायचा हुकूम त्यांना कुणी दिलाच नाही.

सहाव्या खेपेनंतरची गोष्ट. मार्च संपत आला होता. बस बोरीच्या पुलावरून जाताना नाना खिडकीतून खाली पाहत होते. नदीत नुसती वाळू. पुलाच्या जरा पुढे गेल्यावर ते बोलू लागले, आणि अहिराणीत बोलू लागले. शाळेतली गोष्ट ते नेहमी पुस्तकी मराठीत सांगतात.

त्या रात्रीनंतर उजाडलं तेव्हा धुकं होतं. मोर्चासमोर भाताचं कापलेलं रान, कुठे कुठे पेंढ्या जळत होत्या, आणि माणसं पडली होती. त्यांतला एक जिवंत होता. दहा-बारा पावलांवर. नानांच्याच वयाचा, मिसरूड फुटलेला. पोटाला लागलेलं. तो ओरडत नव्हता, हळू बोलत होता. "त्यानी पानी मांगं. मी दिधं नही."

बस थांबली, कुणी उतरलं, चढलं. मी काही बोलले नाही. जे मी डिसेंबरात शिकले ते एवढंच होतं.

"मनी बाटली आर्धी व्हती," नाना म्हणाले. नदी ओलांडून मोर्चे खणल्यापासून पुन्हा पाणी मिळालं नव्हतं, पुढचं कधी मिळेल ठाऊक नव्हतं. मुलूख पाण्याचा, ब्रह्मपुत्रा तर बोरी-पांझरा पाहिलेल्या माणसाचे डोळे फिरावेत अशी. आणि मोर्चात अर्धी बाटली. तो दोनदा-तीनदा म्हणाला. मग थांबला. पुढे हुकूम आला, कूच झालं, संध्याकाळी टांगाईलच्या रस्त्याला.

दीडएक वर्षाने, १९७३ च्या उन्हाळ्यात, नाना रजेवर घरी आले. ७२ चा पाऊस झालाच नव्हता. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. विहिरी तळाला, गुरं कवडीमोलानं गेलेली. नानांचे वडील, सात-आठ एकरांचे मालक, सरकारी कामावर खडी फोडत होते, हाताला चिंध्या बांधून. घरात मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि सुकडी. नाना गणवेशात, बिल्ला लावून, फाट्यावरून चालत आले. ओट्यावर आईने तांब्या पुढे केला. त्यात चार घोट पाणी होतं, गढूळ. "तुझ्यासाठी ठेवलं," म्हणाली.

तेव्हा एकवीस-बावीस वर्षांच्या त्या मुलाने मनातल्या मनात एक बेरीज केली. मी पाणी नाकारलं, म्हणून गावाचं पाणी गेलं. ही बेरीज त्याने कुणाला दाखवली नाही. आईला नाही, पलटणीत नाही, बायकोलाही नाही. तपासायला दिली असती तर कुणी तरी म्हणालं असतं की अरे, पाऊस असा पडत नाही. पण ती दिलीच नाही, आणि पन्नास वर्षं ती तशीच बरोबर राहिली. सगळ्यात मोठा दगड दुष्काळाचा का, हे मला पारोळ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत कळलं. रांजण का, हेही.

मला राहवलं नाही आणि काही दिवसांनी मी एका ओळखीच्या सर्जनना, नाव न सांगता, विचारलं. ते म्हणाले, पोटाला गोळी लागलेल्याला पाणी पाजत नाहीतच, प्रथमोपचारात तसंच शिकवतात. मला केवढा आनंद झाला. धावत येऊन नानांना सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माहीत होतं. ट्रेनिंगमध्येच शिकवतात. पण बाई, मी नियमासाठी नाही थांबलो. माझी बाटली संपेल म्हणून थांबलो."

मी ते ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की नानांच्या हातून हे काढून घ्यायची घाई आपण करू नये. जे खरं नाही ते, म्हणजे दुष्काळाची बेरीज, त्यांच्यासमोर हळूहळू उकलली जाईल आणि तेच तिच्याकडे पाहतील. जे खरं आहे, अर्धी बाटली, ते त्यांचं आहे. ते घेऊन जगता येतं, फक्त एकट्याने घेऊन जगणं जड आहे. मला हे पटायला वेळ लागला. प्रेम करणाऱ्या माणसाला सांत्वनाची फार घाई असते, आणि ती पुष्कळदा स्वतःसाठी असते.

याच सुमारास ढाक्याच्या मुक्तियुद्ध संग्रहालयाबद्दल मी वाचलं. १९९६ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाने शाळाशाळांत जाऊन मुलांना सांगितलं की घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना ७१ साली काय झालं ते विचारा आणि लिहून पाठवा. तिकडच्या आज्यांनी आणि आजोबांनी नातवंडांना जे सांगितलं त्याचा मोठा साठा तिथे आहे. शिक्षिका म्हणून मला ते फार भावलं. जमालपूरच्याही कुणा आजीने सांगितलं असेल की त्या सकाळी त्यांच्या रानात काय होतं. मी नानांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "भात उगना व्हई का तठे पुन्हा?" तिथे पुन्हा भात आला असेल का. मी म्हटलं, आला असेल नाना, पन्नास वेळा आला असेल.

सगळं बरं झालं असं लिहिणार नाही. पऱ्हाट्यांचा धूर नानांना अजून चालत नाही. आता आम्ही भरीत करायच्या दिवशी त्यांना आधी सांगतो, ते नातवाला घेऊन अमळनेरला सखाराम महाराजांच्या समाधीला जातात. झोपेत ओरडणं महिन्यातून एखाद वेळेवर आलंय. मे २०२५ मध्ये जेव्हा सीमेवर पुन्हा पेटलं, तेव्हा टीव्हीच्या वाहिन्या दिवसभर सायरन वाजवत होत्या. पुढे सरकारलाच सांगावं लागलं की हे वाजवू नका. गावागावांतल्या म्हाताऱ्या फौजींच्या घरात त्या आवाजाने काय झालं असेल, याचा विचार कुणी केला होता का? नाना पहिल्या सायरनला उभे राहिले. पांढरेफटक. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, तारखेवर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, "सात मे दोन हजार पंचवीस. मी घरी आहे." टीव्ही बंद केला. दोन रात्री जागे होते, पण खाटेवर होते, खळ्यात नव्हते. ज्यांच्या घरी असं कुणी आहे आणि जवळपास माणूस मिळत नाही, त्यांनी टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फोनवर रेकॉर्डिंग लावून समोर बसू नये.

शेवटची, नववी खेप एप्रिल २०२४ ची. या पद्धतीत ताई प्रत्येक खेपेचं लिहून ठेवतात, पुढच्या वेळी ते मोठ्याने वाचून दाखवतात, आणि माणूस दुरुस्त करतो. शेवटी सगळं आयुष्य एकत्र वाचलं जातं आणि ते कागद त्याच्या हवाली होतात. नानांनी मला आत बोलावलं. कासरा पुन्हा पसरलेला, या वेळी ताजी फुलं. ताई वाचत होत्या आणि नाना डोळे मिटून, पाठ भिंतीला न लावता, खुर्चीत बसले होते. बालपण झालं, बेळगाव झालं. नदी ओलांडली. रात्र झाली. सकाळ झाली. ताईंनी वाचलं, "त्याने पाणी मागितलं."

"थांबा," नाना म्हणाले.

ताई थांबल्या.

"पाणी नाही म्हणाला तो. पानी म्हणाला." त्यांनी डोळे उघडले. "त्यांच्या उर्दूत पानीच म्हणतात ना. आमच्या अहिराणीतही पानीच. पलटणीत सगळे घाटावरचे, ते पाणी म्हणायचे. दोन वर्षं मी तो शब्द घरच्यासारखा ऐकला नव्हता. तो म्हणाला तेव्हा मला वाटलं आपल्या गावातलंच कुणी आहे."

ताईंनी 'पाणी' वर काट मारून वर 'पानी' लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला. नानांनी चष्मा लावून तो शब्द पाहिला. मग पेन मागितलं आणि खाली सही केली, आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव.